पायाळू यंत्राचे काय करावे?

पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीत पुरलेले धन दिसते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. अशा माणसाला पायाळू म्हणतात. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की मातीखालचे मोहरांचे हंडे त्याला लखलखताना दिसतात, हे वर्णन आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेले असेल. या समजुतीपायी घडलेले प्रकार मात्र आजीच्या गोष्टींइतके निरुपद्रवी नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश करावा लागला, यावरून त्यांची कल्पना यावी. आता पायाळू माणसाचे काम एक यंत्र करते. ते कोणालाही विकत मिळते, त्याला अंजन लागत नाही, फक्त बॅटरी लागते. आणि अंजनाइतकेच ते घेणाऱ्याच्या डोळ्यांवर परिणाम करते, असे माझे मत आहे.

इंग्रजीत त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. धातुशोधक हा प्रतिशब्द आमच्या कार्यालयात अर्धा तास खल होऊन ठरला, आणि तो या लेखात मी वापरणार आहे. आपल्याकडे हे नाव घेतले की विमानतळावरील किंवा मोठ्या देवळाच्या दारातील चौकट डोळ्यांपुढे येते. मी ज्याविषयी लिहीत आहे तो निराळा. लांब दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे किंवा त्याहून मोठे वेटोळे, वर मुठीजवळ पेटी, कानांना लावायचे श्रवणयंत्र, आणि ते जमिनीलगत झुलवीत सावकाश चालणारा माणूस. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडात, अमेरिकेत हा हजारो लोकांचा छंद आहे, आणि माझे धाकटे काका त्या हजारोंपैकी एक आहेत.

काका गेली बावीस वर्षे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगो गावी राहतात. वय सहासष्ट. २०१६ साली त्यांनी अतिशय भारी प्रतीचा धातुशोधक सुमारे दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन घेतला. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता वर्षातील काही महिने वाईला येऊन राहावे, असा दोघांचा विचार चालला आहे. घर आवरायला काढले, तेव्हा कपाटातून ते यंत्र बाहेर आले आणि प्रश्न उभा राहिला की हे ठेवावे की विकावे. काकांनी मला लिहिले. काकूंनी स्वतंत्रपणे, काकांना न सांगता, लिहिले. दोघांचीही पत्रे वाचून या स्तंभाच्या वाचकांसमोर तो हिशेब मांडावा असे वाटले, आणि दोघांनीही संमती दिली. प्रत्येक घरात अशी एखादी वस्तू असतेच. कुणाकडे ती पेटी असेल, कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे मोठ्या हौसेने आणलेले शिवणयंत्र.

यंत्राचे तत्त्व कळल्याशिवाय हिशेब कळणार नाही, म्हणून ते आधी सांगतो. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह खेळविला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगातही लहानसे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. यंत्र ते क्षीण उत्तर ऐकते आणि कानात ध्वनी करते. बस, एवढेच. सोने आणि शीतपेयाच्या डब्याची चकती यांची उत्तरे कधी कधी इतकी सारखी असतात की खणल्याशिवाय उलगडा होत नाही.

या तत्त्वाचा एक फार जुना आणि फार करुण प्रयोग इतिहासात नोंदलेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. ती कुठे आहे हे डॉक्टरांना समजेना, आणि क्षकिरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे अवकाश होता. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तातडीने एक धातुशोधक जुळविला, इतरत्र लपविलेल्या गोळ्यांवर त्याची परीक्षा घेतली आणि तो घेऊन ते अध्यक्षांच्या शय्येपाशी गेले. यंत्राने नाद केला, पण जिकडे तिकडे केला. बिछान्याखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा आहेत, हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानी आले नव्हते. शिवाय मुख्य डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली, कारण गोळी उजवीकडे आहे असा त्यांचा ठाम ग्रह होता. ती डावीकडे होती. डॉक्टरांच्या अस्वच्छ बोटांनी जखम चिघळली आणि १९ सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाले. यंत्र खोटे बोलले नव्हते. पलंग कशाचा आहे आणि कुठे शोधायचे आहे, हे यंत्राला सांगण्याचे काम माणसांचे होते.

बेल यांच्या पलंगाची जागा ऑस्ट्रेलियात जमीन घेते. तिथल्या सुवर्णक्षेत्रांतील तांबडी माती लोहयुक्त खनिजांनी इतकी भरलेली असते की साधे यंत्र मातीचेच गाणे ऐकत बसते आणि सोन्याचा क्षीण सूर त्यात बुडून जातो. ही अडचण दूर करण्यासाठी तिथल्याच लोकांनी यंत्रे घडविली. ॲडलेडच्या मिनेलॅब या कंपनीची स्थापना १९८५ सालची, आणि ब्रूस कँडी या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव तिच्या शोधांशी जोडलेले आहे. १९९५ साली तिने स्पंद पाठवून त्यांचे विरणे मोजणारे सुवर्णशोधक यंत्र बाजारात आणले, तेव्हा जुन्या खाणकऱ्यांनी ‘रिकामी’ म्हणून सोडलेल्या टेकड्या पुन्हा बोलू लागल्या. काकांचे यंत्र त्याच घराण्यातले, २०१५ साली निघालेल्या नमुन्याचे. त्याचे वजन तीन किलोंहून अधिक आहे. तीन किलो म्हणजे काय, असे वाटेल. पण हात लांब करून तीन किलो दिवसभर झुलवायचे आहेत, तेही उंचसखल रानात.

बेंडिगो, बॅलरॅट, मेरीबरो, डनॉली, वेडरबर्न ही गावे ज्या टापूत येतात, तिथे १८५१ पासून सोन्यासाठी जगभरची माणसे लोटली होती. जगातील सर्वांत मोठा मानला जाणारा सोन्याचा पिंड १८६९ साली याच टापूत, मोलियागल येथे सापडला. एका झाडाच्या मुळांपाशी खणताना हत्यार त्यावर आपटले. तो जमिनीखाली अवघ्या काही सेंटीमीटरांवर होता, आणि यंत्राचा काही प्रश्नच नव्हता. यंत्राच्या साह्याने मिळालेला मोठा पिंड १९८० सालचा. किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांना सत्तावीस किलोंहून अधिक वजनाचा ‘हँड ऑफ फेथ’ सापडला. तो पुढे अमेरिकेतील लास व्हेगसच्या एका द्यूतगृहाने दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतला. ही कथा त्या टापूत राहणारा प्रत्येक छांदिष्ट मनात घेऊन घराबाहेर पडतो. परवाना काढणे तिथे सोपे आहे. ‘मायनर्स राइट’ या नावाचा तो कागद नगण्य शुल्कात दहा वर्षांसाठी मिळतो, त्यावर खुल्या असलेल्या सरकारी जमिनीत हातातल्या अवजारांनी सोने शोधता येते, आणि जे सापडेल ते परवानाधारकाचे. बहुतेक राष्ट्रीय उद्याने त्यातून वगळलेली आहेत, मूळ रहिवाशांच्या वारशाची स्थळे संरक्षित आहेत, आणि खणलेला खड्डा बुजविलाच पाहिजे.

काकूंनी वही ठेवली आहे. काका कोणत्या दिवशी गेले, कुठे गेले, काय मिळाले, पेट्रोलला किती पडले. आमच्या घराण्यात हिशेबाच्या वह्या बायकांनीच ठेवल्या आहेत, म्हणून काही बुडाले नाही. पहिल्या वर्षी काका एकेचाळीस दिवस गेले. दुसऱ्या वर्षी अडतीस. मग तीस, पंचवीस, असे उतरत उतरत गेल्या वर्षी तीन. नऊ वर्षांत मिळालेले एकूण सोने एकतीस ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या आजच्या भाषेत तीन तोळे. लहान लहान दाणे, त्यांतला सर्वांत मोठा तुरीच्या डाळीएवढ्या तीनचार दाण्यांचा मिळून झाल्यासारखा. काकूंनी ते सगळे कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात ठेवले आहेत. बाकी मिळाले ते म्हणजे शिशाचे छर्रे, घोड्यांच्या नालांचे तुकडे, चिनी खाणकऱ्यांचे एक भोकाचे नाणे आणि असंख्य खिळे.

आता सोन्याचा भाव पाहा. २०२० च्या ऑगस्टात तो पहिल्यांदा औंसाला दोन हजार अमेरिकन डॉलरांवर गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात चार हजारांवर. एकतीस ग्रॅम म्हणजे औंसाला जेमतेम कमी. तेव्हा करंड्यातले सोने आजच्या भावाने यंत्राच्या निम्म्याहून अधिक किंमत भरून काढते. “म्हणजे यंत्र तोट्यात नाही,” असे काकांनी लिहिले आहे, आणि पुढे दोन उद्गारचिन्हे दिली आहेत. या युक्तिवादाला माझे उत्तर असे की ते सोने आता यंत्राचे राहिलेले नाही. ते करंड्यातले आहे, आणि यंत्र ठेवले काय किंवा विकले काय, ते करंड्यातच राहणार. भाव वाढल्याने आधी सापडलेल्याची किंमत वाढली. पुढे सापडण्याचा संभव काही त्याने वाढला नाही. उलट भाव वाढला की रानात माणसे वाढतात.

खरा हिशेब पुढच्या वर्षांचा आहे. दुकानदाराने आज त्या यंत्राला पाच हजारांच्या आतबाहेर किंमत सांगितली. २०२१ साली त्याच कंपनीने दोन किलोंच्या आसपास वजनाचे नवे सुवर्णशोधक यंत्र काढले, तेव्हापासून जुन्या जड यंत्रांची मागणी ओसरत चालली आहे. वर्षाला पाचसातशे डॉलरांनी किंमत उतरेल, असा त्या दुकानदाराचा अंदाज आहे. आणि त्याच दुकानात अशी यंत्रे दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. काकांनी विचारले तेव्हा दर दिवसाला शंभर ते दीडशे डॉलर सांगितला. तेव्हा वर्षाला चार-पाच दिवसांपेक्षा कमी जायचे असेल तर यंत्र कपाटात ठेवणे हे भाड्यापेक्षा महाग पडते. काका तीन दिवस गेले. गुडघा बरा झाल्यावर दहा दिवस जाईन, असे ते म्हणतात. गुडघ्याविषयी मी काही बोलत नाही. मात्र वर्षातले चार-पाच महिने वाईला राहायचे, आणि उरलेल्यांत व्हिक्टोरियाचा उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, रणरणते ऊन आणि सापांचा सुळसुळाट. या बेताने दहा दिवस कुठून यायचे, ते त्यांनीच मांडून पाहावे.

इंग्लंडातील दोन हकीगती काकांनी मला आपल्या बाजूचा पुरावा म्हणून लिहून पाठविल्या. मला त्या नेमक्या विरुद्ध बाजूच्या वाटतात.

सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपले स्नेही एरिक लॉज यांना बोलावले. लॉज हे निवृत्त माळी. त्यांच्याकडे धातुशोधक होता. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे, सोन्याची साखळी आणि नाणी वर येऊ लागली. लॉज यांनी थोडे उकरले आणि ते थांबले. हा थांबण्याचा क्षण मला साऱ्या कथेत मोलाचा वाटतो. पोलिसांना आणि जमिनीच्या मालकांना कळविण्यात आले, पुरातत्त्ववेत्ते आले आणि उरलेला साठा जसा पुरला होता तसा, थराथराने उचलला गेला. त्यामुळे पेटी कशी होती, तिच्यात कशाशेजारी काय ठेवले होते, हे सुमारे सोळाशे वर्षांनी कळू शकले. रोमन काळातील पंधरा हजारांच्या आसपास नाणी आणि सुमारे दोनशे सोन्याचांदीच्या वस्तू. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये त्या खजिन्यासोबत आहे. दुसरी हकीगत २००९ च्या जुलैची. स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्ट यांनी एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातील युद्धालंकारांचा प्रचंड साठा शोधला. त्यात सुमारे चार किलो सोने होते. किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली. त्यांचे यंत्र चौदा वर्षांचे, जुने होते.

या दोन्ही ठिकाणी भारी यंत्राने काय केले? काहीच नाही, कारण ते नव्हतेच. शेतकऱ्याची परवानगी होती, ओळखीचे शेत होते, जवळपास फिरत राहण्याची सवय होती. इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात मध्यम प्रतीचे यंत्र पुरते. भारी यंत्राची गरज पडते ती लोहयुक्त मातीत बारीक आणि खोलवरचे सोने शोधताना. म्हणजे ज्या एका ठिकाणी काकांचे यंत्र आपल्या किमतीला न्याय देते, ते ठिकाण सोडून काका आता निम्मे वर्ष दूर राहणार आहेत.

आणि इथे वाईचा वाडा मध्ये येतो. आमच्या पणजोबांनी बंडाळीच्या भीतीने मागच्या परसात मोहरांचा हंडा पुरला, तो कुठे पुरला हे सांगण्याआधीच त्यांना अर्धांगवायू झाला, आणि शेवटपर्यंत ते तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवीत राहिले, अशी आमच्या घरची आख्यायिका आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्या जुन्या वाड्याची नाही? यंत्र वाईला आणून एकदा परस पाहून घ्यावे, हे काकांच्या मनात आहे. न विकण्याचे खरे कारण हेच असावे, असा मला संशय आहे, कारण पत्रात ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान अक्षरांत लिहिले आहे.

परसाविषयी पहिली गोष्ट अशी की दख्खनची माती काळ्या कातळापासून झालेली आहे, त्या कातळात चुंबकीय लोहखनिज असते, आणि यंत्र तिथेही मातीशी झगडणार. दुसरी अशी की वाड्याच्या परसात दोनशे वर्षांचे खिळे, बिजागऱ्या, बैलांच्या पत्र्या, रॉकेलच्या डब्यांचे पत्रे गाडलेले असतात. काकांना पहिल्या तासात पन्नास नाद ऐकू येतील आणि पन्नास खड्डे होतील. वृंदावन पडेल ते निराळेच.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती प्रत्येक वाचकाने जाणून घेण्याजोगी आहे. भारतात निखात निधीचा कायदा १८७८ सालापासून आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, मग ती स्वतःच्या परसात का असेना, तर ती कुठे, कधी आणि काय सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि ती सरकारी खजिन्यात ठेवावी लागते किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यावी लागते. मग जाहीर सूचना निघते, दावे ऐकले जातात. पुरणारा मनुष्य शंभर वर्षांच्या आतला असल्याचे दिसले आणि त्याचा वारस हक्क सांगत असला, तर त्याला दिवाणी न्यायालयात हक्क सिद्ध करण्याची संधी मिळते. पणजोबांचा काळ पाहता आम्हांला ती वाट बंद आहे. निधी बेवारशी ठरला आणि जागेच्या मालकाशी निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेला जागेच्या मालकाला मिळतो. मात्र सरकारला तो धातूच्या मोलावर एक पंचमांश अधिक देऊन घेता येतो. लपविणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होते. वाड्याला आजमितीस अकरा वारस आहेत, हे इथे सांगून ठेवतो. याखेरीज १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या आणि स्थळांच्या हद्दीत परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही व त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. गडकोटांवर यंत्र घेऊन हिंडण्याची कल्पना कुणा तरुण वाचकाच्या मनात आली असेल, तर ती तिथेच सोडून द्यावी. गडावरची एक पुतळी उकरून काढली की तिच्यासोबतचा सारा पुरावा नष्ट होतो. लॉज जिथे थांबले तिथे थांबण्याचे भान हौशी माणसाला क्वचितच राहते.

सरकारने स्वतः खणले तरी हंडा सापडतोच असे नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील डौंडिया खेडा येथे, एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडल्यानंतर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. महिनाभराने ते थांबले. सोने निघाले नाही.

येथवर सर्व पारडे विकण्याकडे झुकते. पण काकूंचे पत्र अजून बाकी आहे, आणि ते वाचल्यापासून हा हिशेब मला पहिल्याइतका सोपा वाटत नाही. काकू विका म्हणत असतील, असे मी गृहीत धरले होते. त्या लिहितात:

“अरे, ते विकू नका असे तूच त्यांना सांग. नोकरी सुटल्यापासून ते दिवसभर खिडकीशी बसतात. पूर्वी शनिवारी पहाटे उठून डबा माझ्याकडून मागून घ्यायचे, संध्याकाळी धुळीने माखून यायचे आणि काय सापडले नाही ते जेवताना तासभर सांगायचे. मला त्या सोन्याचे काही नाही. पण ते यंत्र घरातून गेले की आपले बाहेर जाण्याचे दिवस संपले असे ते मनाशी धरतील. एकदा धरले की मग कुणाचे ऐकणार नाहीत.”

वहीतले आकडे याच बाईने लिहिले आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. तीन दिवसांचा आकडा तिला माझ्याआधी ठाऊक होता.

मी पुष्कळ विचार करून काकांना लिहिले ते असे. हे यंत्र विकावे, आणि याच मोसमात विकावे. फेब्रुवारीअखेर ऊन उतरते, पहिला पाऊस पडून जमीन नरम होते, माणसे रानात जायला निघतात आणि जुन्या यंत्रालाही गिऱ्हाईक मिळते. जूनमध्ये तीच किंमत येणार नाही. आलेल्या पैशांतून दीड-दोन किलोंचे, साधे, कुणी वापरलेले यंत्र घ्यावे. त्याला खोलवरचे सोने कळणार नाही. पण जुन्या खाणकऱ्यांच्या वस्तीच्या जागी, परवानगीने, वरच्या वितीभर मातीतले त्याला कळेल, आणि दांडा हातात धरून सपाट जागी दोन तास चालणे गुडघ्याला झेपेल. डॉक्टरांना मात्र आधी विचारावे. काकूंनी सोबत जावे. वही त्यांचीच आहे, तर ती रानातच लिहिली जाऊ द्या. खोल सोन्याची हौस आलीच, तर वर्षातून दोन दिवस भारी यंत्र भाड्याने घ्यावे. वाईला कोणतेही यंत्र आणू नये. विकण्याला माझी एकच अट राहील, आणि ती काकूंनी मला न सांगता घातलेली आहे. हलके यंत्र घरात आल्यावरच जड यंत्र घराबाहेर जावे. मध्ये एक दिवसही रिकामा जाऊ नये.

ज्यांच्या घरी अशी वस्तू विकायची असेल त्यांच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी काकांनी दुकानदाराकडून समजून घेतल्या, त्या इथे देतो. या भारी यंत्रांच्या नकला जगभर विकल्या जातात, म्हणून मूळ पावती आणि यंत्रावरचा क्रमांक आधी शोधून ठेवावा. पावती नसेल तर जाणता ग्राहक निम्मी किंमतही देत नाही. वेटोळ्याचे आवरण झिजले असेल तर नवे घालावे, पण खरचटे रंगवून झाकू नयेत, कारण रंगविलेली वस्तू संशय उत्पन्न करते. बॅटरी पूर्ण भरून किती तास चालते, ते घड्याळ लावून पाहावे आणि खरा आकडा सांगावा. ग्राहकाला घरी बोलावून परसात शिशाचा एक छर्रा वितीभर खोल पुरावा आणि यंत्र त्याच्याच हाती द्यावे. पैसे खात्यात जमा झाल्याचे पाहिल्यावाचून यंत्र उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. आणि कोणत्या टेकडीवर किती मिळाले, हे विचारल्याशिवाय सांगू नये. विचारले तरी काका सांगणार नाहीत, याची मला खात्री आहे.

काकांचे उत्तर परवा आले. दुकानात दोन किलोंच्या आतले एक जुने यंत्र पाहून ठेवले आहे, किंमत घासाघीस करून सातशेवर आणली आहे, आणि रविवारी काकूंसह ते हाताळून पाहायला जाणार आहेत. मोठ्या यंत्राची जाहिरात कशी लिहावी, असे त्यांनी मला विचारले आहे. पत्राच्या तळाशी, लहान अक्षरांत, वृंदावनापासून विहिरीपर्यंत किती पावले भरतात, हेही विचारले आहे.